रिलॅक्स हो म्हणतात सगळे, पण व्हायचं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, आणि तुम्ही काही एकटे नाही, हा प्रश्न मला सारखाच येतो. साधारण असा असतो, "तू ते रिलॅक्सेशन करतेस ना, मी पण करून बघितलं, डोळे मिटून पडलो, पण डोकं काही थांबेना, उलट जास्तच चालायला लागलं, मग जमतं कसं हे?" आणि जाता जाता एक वाक्य हमखास जोडलेलं असतं, की "तसं बघायला गेलं तर मला टेन्शन घेण्यासारखं काही नाहीये म्हणा."

आधी त्या जाता जाता म्हटलेल्या वाक्याचंच बघू, कारण गोची तिथे आहे. आपल्याला वाटतं ताण म्हणजे काहीतरी मोठं घडायला हवं, कुणी गेलं, नोकरी गेली, घर बदललं. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी अशा ४३ मोठ्या घटनांची यादीच केली होती, प्रत्येकीला मार्क देऊन, जोडीदाराचा मृत्यू १०० मार्क आणि लग्न ५० (हो, लग्न पण आहे त्यात). पण पुढे १९८१ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या बारीकसारीक कटकटी मोजल्या, म्हणजे हरवलेली वस्तू, खोळंबलेलं काम, वजनाची काळजी असलं, आणि त्यांना दिसलं की माणसाच्या तक्रारींचा अंदाज त्या मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून जास्त चांगला लागतो. तेव्हा "तसं काही नाहीये" म्हणणाऱ्यालाच बऱ्याचदा संध्याकाळी मान धरलेली असते, आणि तो उशी बदलत बसतो.

आता हे होतं कसं. वॉल्टर कॅनन नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते, 'लढा किंवा पळा' ही कल्पना त्यांची, १९१५ च्या सुमाराची. धोका दिसला की अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, यकृत साखर रक्तात सोडतं, पचन मागे पडतं आणि स्नायू आवळले जातात. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं दुसरं हार्मोन, जरा सावकाश येतं, पण येतं आणि रेंगाळतं. ही सगळी तयारी हातपाय चालवण्यासाठी असते. आणि आपण करतो काय तर खुर्चीत बसून "नोटेड, थँक्स" टाइप करतो. तयारी झाली, धावणं झालंच नाही, आणि ती उतरायच्या आत पुढचा मेसेज.

पुढच्या वेळी नको असलेला मेल उघडताना स्वतःकडे जरा लक्ष द्या. विषय वाचतानाच श्वास थांबलेला असतो, खांदे कानांच्या दिशेने सरकलेले, माउस जरुरीपेक्षा घट्ट धरलेला. आणि दात? आत्ता बघा. आरामात असताना ओठ मिटलेले असतात पण वरचे-खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत, चावताना-गिळताना काय टेकतील तेवढेच. तुमचे टेकलेले असतील तर जबडा तुमच्या नकळत कामाला लागलाय. मेल वाचून होतो, उत्तर जातं, खांदे मात्र तिथेच राहतात. खाली घ्यायला कुणी सांगत नाही ना त्यांना.

म्हणून मी म्हणते की डोकं शांत करायच्या मागे आधी लागूच नका, डोक्याला हुकूम सोडून ते ऐकत नाही. सुरुवात स्नायूंपासून करायची. हे माझं डोकं नाही, शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत यावर आयुष्य घातलं. स्नायूंमधली अगदी बारीक विद्युत हालचाल टिपायची उपकरणं त्यांनी वापरली, आणि माणसाने हात दुमडल्याची नुसती कल्पना केली तरी त्या हाताच्या स्नायूंत हालचाल उमटते हे त्यांना दिसलं. मला हे फार आवडतं. विचार कुठेतरी वर डोक्यात चाललाय असं आपण समजतो आणि दंड तो विचार करत असतो! मग ही वाट उलटीकडूनही चालता येते, स्नायू सैल होत गेले की विचारांचा जोरही ओसरायला लागतो.

करायचं असं. खुर्चीत टेकून बसा. एका हाताची मूठ आवळा, पूर्ण ताकद लावून नाही, अर्ध्या-पाऊण जोराने, पाच-सात सेकंद. आणि मग एकदम सोडा, हळूहळू उघडत नाही बसायचं, सोडूनच द्यायची. आता खरं काम सुरू होतं आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. वीस-तीस सेकंद त्या हातात काय होतंय ते नुसतं बघा, जरा जड वाटतं, कोमट वाटतं, बोटं आपोआप थोडी वळलेली राहतात. दुसरा हात आणि याच्यात फरक कळतो का बघा. मग असंच तो दुसरा हात, मग दंड, कपाळ, डोळे, जबडा, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या. पोटऱ्या जपून, गोळा येतो. मान, पाठ कुठे दुखावलेली असेल तर तो भाग आवळायचाच नाही. आवळणं म्हणजे काही व्यायाम नव्हे, ताण कसा लागतो हे ओळखायला शिकण्यापुरतंच ते, ओळख पटली की न आवळताही सोडता येतं. जेकबसन स्वतः हे महिनोन् महिने शिकवायचे, आत्ताचे प्रकार बरेच आटोपशीर आहेत, पण पहिल्या बैठकीत जादू होईल म्हणून बसलात तर उठताना वैतागूनच उठाल.

श्वासाबद्दल एकच सांगते. "मोठा श्वास घे" हा सल्ला अर्धाच आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, म्हणजे कामाची बाजू सोडण्याची आहे. घाबरलेला माणूस भराभर मोठे श्वास घ्यायला लागला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन त्याला चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, मग तो आणखी घाबरतो. घ्या नेहमीसारखाच, सोडा मात्र लांबवून.

आणि मोबाइल घेऊन लोळणं यात धरू नका प्लीज. मन रमतं, मान्य, मीही लोळते, पण मान वाकलेली, अंगठा चालू, आणि दर दोन पोस्टनंतर कुणाचा तरी राग. तो टाइमपास झाला.

सराव बऱ्या दिवशी करायचा, हे जवळजवळ कुणीच करत नाही. सगळं अंगावर आलंय तेव्हा पहिल्यांदा करून बघणं म्हणजे बुडताना पोहायचा क्लास लावणं. बऱ्या दिवशी अंगवळणी पडलं असेल तर वाईट दिवशी खांदे खाली यायला एक लांब उच्छ्वास पुरतो, कधी कधी तोही नाही पुरत. आणि कामाचा डोंगर आहे तेवढाच राहतो हं, तुमच्यावर तीन माणसांचं काम टाकलंय तर ते स्नायू सैल करून दोन माणसांचं होणार नाही, तिथे बोलावंच लागतं. ऑफिसवाले असली सेशन्स ठेवतात आणि डेडलाइन तश्शीच ठेवतात तेव्हा मला हसू येतं.

काहींना शांत बसल्यावर उलट जास्त अस्वस्थ वाटतं, धडधडतं. बिघडलेलं काही नसतं, बऱ्याच जणांना होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला टेकवावेत, एखाद-दोन मिनिटांतच थांबावं, किंवा सरळ चालायला जावं. छातीत दुखत असेल, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, कशातच मन लागत नसेल तर मात्र डॉक्टरकडे जा, माझं हे सगळं त्याच्यावरचं औषध नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, करताना झोप लागली तर चालेल का. रात्री अंथरुणात करत असाल तर लागू दे की, त्यासाठीच तर करताय. दिवसा शिकण्यासाठी करत असाल तर आडवं न पडता खुर्चीत बसा.