एसटी ८२६०

ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले, तेव्हा सगळे काढतात तेच मीही काढलं. पूल, नदी, हंस, मधाच्या रंगाची दगडी घरं. कचऱ्याचे डबे, पार्क केलेल्या गाड्या, 'घर विकणे आहे'चे फलक, हे सगळं फ्रेमबाहेर राहावं म्हणून कधी वाकले, कधी पायरीवर चढले. घरी येऊन पाहिलं तर चाळीसच्या चाळीस फोटो पोस्टकार्डासारखे, आणि पोस्टकार्डवाल्याने ते माझ्यापेक्षा बरेच चांगले काढलेले.

(यॉर्कशरमधलं मोठं ब्रॅडफर्ड वेगळं. हे विल्टशरमधलं, बाथजवळचं, दहा हजारांच्या आसपास वस्तीचं. आम्ही ट्रोब्रिजला राहतो, तिथून ट्रेनने एकच स्टेशन.)

मग जिओग्राफ या उपक्रमाची माहिती मिळाली. ब्रिटन आणि आयर्लंडच्या प्रत्येक चौरस किलोमीटरचा फोटो जमवायचा, असा तो २००५पासून चाललेला खटाटोप. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या नकाशावर देशभर चौकोन आखलेले आहेत आणि प्रत्येकाला अक्षरं-आकडे आहेत. गावाचा जुना भाग ज्या चौकोनात येतो तो एसटी ८२६०. ठरवलं, हाच पकडायचा आणि गल्ली गल्ली संपवायची. दर शनिवारी नकाशाचा एक तुकडा, फोटो किती का निघेनात.

फोटो काढणं सोपं निघालं. खाली ओळ लिहिताना घाम फुटला. कुठून काढला, कोणत्या दिशेला तोंड करून, कधी आणि दिसतंय ते काय? 'सुंदर जुनी गल्ली' असं लिहून कोणाला काय कळणार? 'द शॅम्बल्स' या अरुंद बोळाचे मी सहा फोटो काढले होते, पण शॅम्बल्स म्हणजे मुळात खाटकांची दुकानं असलेली जागा, हे ओळ लिहायला बसले तेव्हा कळलं. आपल्याकडे खाटीक आळी म्हणतात तसंच.

सगळ्यात मोठी फजिती खिडक्यांची झाली. जुन्या घरांना दगडाने बुजवलेल्या खिडक्या दिसल्या की मी बेधडक लिहायचे, 'खिडकी-कर चुकवण्यासाठी बुजवलेली'. कर खरोखरच होता, १६९६ ते १८५१. पण पुष्कळ खिडक्या पहिल्यापासूनच खोट्या असतात, दर्शनी भिंत दोन्ही बाजूंनी सारखी दिसावी म्हणून केलेल्या. आतल्या बाजूला चूल नाहीतर जिना असतो. अकरा फोटोंखालच्या ओळी बदलाव्या लागल्या. आता फक्त 'बुजवलेली खिडकी' लिहिते आणि गप्प बसते.

पुलाला मात्र लिहिण्यासारखं खूप आहे. त्याच्या दोन कमानी तेराव्या शतकातल्या, बाकीचा नंतर रुंद केलेला. मधोमध घुमटीसारखी दगडी खोली आहे, ती कोठडी. दारूडे आणि भांडखोर रात्रभर तिथे कोंडायचे. वर वाऱ्याची दिशा दाखवणारा मासा आहे, म्हणून कोठडीत पडलेला माणूस 'पाण्याच्या वर, माशाच्या खाली' असं गावात म्हणत. तिथून चार पावलांवरच्या सेंट लॉरेन्सच्या सॅक्सन चर्चचं तर गावाला भानच उरलं नव्हतं. एका भागात शाळा भरायची, दुसऱ्यात लोक संसार करत होते. १८५६च्या सुमारास तिथले धर्मगुरू कॅनन जोन्स यांनी ते ओळखलं. जवळपास हजार वर्षांची वास्तू, आणि तिच्यात भांडीकुंडी! हे वाचल्यापासून मी साध्या घरांकडेही जरा संशयाने बघते.

ही जागा फोटोला अवघड आहे. चर्च उंच, अंगण चिमुकलं. चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार एक्कावन्न मीटर लांब आणि आत अंधार. तिथे कॅमेरा खांबाला टेकवून, श्वास रोखून काढावा लागला. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, पण दिवसभर तो खालीच असतो, त्यामुळे दगडावरच्या छिन्नीच्या खुणासुद्धा उठून दिसतात. जूनमधल्या भर दुपारपेक्षा मला डिसेंबर आवडतो. बोटं गारठतात एवढंच.

एका भिंतीच्या पायथ्याशी दगडात कोरलेला बाण आणि त्यावर आडवी रेघ सापडली, तेव्हा मी रस्त्यातच उकिडवी बसले. हा ऑर्डनन्स सर्व्हेचा उंची मोजण्याचा बेंचमार्क. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यांच्या तोंडी सतत 'बीएम' असायचा. आपल्याकडे जीटीएस (ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे, भारताची जुनी मोजणी) अशी अक्षरं कोरलेले दगड आहेत, ते त्याच कामाचे. मी फोटो काढत असताना मागून एका आजोबांनी विचारलं, "तुम्ही कौन्सिलकडून आलात का? पार्किंगचं काही करताय?" नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. पण मग त्यांनीच विचारलं, रबराच्या कारखान्याचा फोटो काढलात का?

काढला नव्हता! लोकरीच्या गिरण्यांचा धंदा बसल्यावर १८४८मध्ये स्टीफन मोल्टन यांनी इथे रबराचा कारखाना काढला. त्यांचे पणतू ॲलेक्स मोल्टन यांनी मिनी गाडीला रबराचं सस्पेन्शन दिलं आणि १९६२मध्ये छोट्या चाकांची सायकल आणली. त्या कारखान्यातलं 'आयर्न ड्यूक' हे रबर लाटायचं अवजड यंत्र गावात ठेवलंय. त्याच्यापुढून मी दहा वेळा तरी गेले असेन. आजोबांनी बरोबर येऊन दाखवलं, आणि त्या कोनात उजेड पडत नाही म्हणून दुसऱ्या बाजूने काढायला लावलं.

मार्चमध्ये काढलेल्या एका दुकानाची पाटी ऑगस्टमध्ये बदलली होती. त्याच जागी उभं राहून पुन्हा फोटो काढला. दारात दोन कचऱ्याचे डबे होते, ते तसेच राहू दिले. कालव्याच्या पलीकडच्या चार गल्ल्या अजून राहिल्यात.