हार्डविक हॉल: भिंती कमी, काचाच जास्त

इंग्लंडमधल्या डर्बीशरला गेलेली मंडळी चॅट्सवर्थचा वाडा बघून परत येतात, आणि चॅट्सवर्थ बघावंच, पण त्याच कॅव्हेंडिश घराण्याचं अजून एक घर तिथून फार लांब नाहीये आणि मला विचाराल तर ते त्याहून भारी आहे. हार्डविक हॉल. एम-१ मोटरवेवरून जाताना टेकडीवर दिसतो, सहा टॉवर आणि नुसत्या खिडक्याच खिडक्या. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती, दर्शनी बाजू पश्चिमेला, त्यामुळे ऊन थेट काचांवर आणि अख्खी इमारत लखलखत होती. ‘हार्डविक हॉल, मोअर ग्लास दॅन वॉल’ असं लोक पूर्वीपासून म्हणत आलेत, ते का हे तिथे उभं राहिलं की लगेच कळतं.

हे घर बांधलं एका बाईने. बेस ऑफ हार्डविक. साध्या जमीनदार घरातली मुलगी, खरं नाव एलिझाबेथ, चार लग्नं झाली (त्यातला दुसरा नवरा कॅव्हेंडिश), प्रत्येक लग्नागणिक जमीन आणि पैसा वाढत गेला, आणि चौथा नवरा म्हणजे अर्ल ऑफ श्रूजबरी, ज्याच्याकडे स्कॉटलंडच्या राणी मेरीला नजरकैदेत ठेवलं होतं तो. त्याच्याशी तिचं शेवटी अजिबात पटेना, म्हणून ती माहेरच्या जागी हार्डविकला आली आणि तिथलं जुनं घर वाढवायला घेतलं. ते काम चालू असतानाच १५९० मध्ये अगदी शेजारी या नव्या घराचा पाया घातला, त्याच वर्षी नवरा गेला आणि १५९७ मध्ये ती इथे राहायला आली. तेव्हा तिचं वय सत्तरीच्या आसपास! जुन्या हॉलचे अवशेष अजून बाजूला उभे आहेत, छप्पर नाही, पण वरच्या भिंतींवर शेकोट्यांवरचं प्लास्टरचं नक्षीकाम मात्र टिकून आहे.

नव्या घराचा आराखडा त्या काळचा वास्तुकार रॉबर्ट स्मिथसनचा मानतात. त्या काळात काच प्रचंड महाग, त्यामुळे मोठ्या खिडक्या म्हणजे श्रीमंतीचं उघड प्रदर्शन, आणि बेसकडे तर स्वतःचा काचेचा कारखानाच होता. पण एवढ्या काचा लावायच्या तर भिंतीत ताकद कुठून आणायची? तर धुराडी बाहेरच्या भिंतींत न घेता आतल्या भिंतींत घेतलीत, त्यामुळे बाहेरची भिंत खिडक्यांसाठी मोकळी मिळाली. बाहेरून सगळं सारखं दिसावं म्हणून काही खिडक्या तर चक्क खोट्या आहेत, काच आहे पण मागे खोलीच नाही. आणि वर सगळ्या टॉवरांवर दगडात कोरलेली ईएस ही अक्षरं, एलिझाबेथ श्रूजबरी, तिचंच नाव, लांबून वाचता येईल एवढं मोठं.

आत गेल्यावर मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे मजले. तळमजला नोकरचाकर आणि स्वयंपाकाचा, मधला घरच्यांचा, आणि सगळ्यात वरचा राणीसारख्या पाहुण्यांचा, आणि जसजसं वर जावं तसतशी छतं उंच आणि खिडक्या मोठ्या होत जातात. जिना पण सरळ वर नेत नाही, रुंद दगडी पायऱ्या वळणं घेत घेत घरातून फिरवत नेतात. समारंभाचं जेवण याच वाटेने मिरवणुकीने वर जायचं. वर पोचलं की हाय ग्रेट चेंबर, म्हणजे समारंभाचं मोठं दालन, तिथे भिंतीच्या वरच्या भागात रंगवलेल्या प्लास्टरचं जंगल आहे, शिकारीची देवी डायना, हरणं, हत्ती, झाडांची खोडं भिंतीतून पुढे आलेली. रंग आता फिके पडलेत तरी मान दुखेपर्यंत बघत राहिलो. राणी पहिली एलिझाबेथ मात्र इथे कधीच आली नाही. बेसची नात आर्बेला स्टुअर्ट, जिचा इंग्लंडच्या गादीवर हक्क होता, तिला इथेच कडक नजरेखाली ठेवलं होतं आणि १६०३ मध्ये तिने पळून जायचा प्रयत्नही केला. इतक्या सुंदर घरात त्या मुलीचं काय होत असेल, हा विचार मला वाईट वाटल्याशिवाय करता येत नाही.

बाजूलाच लाँग गॅलरी, साधारण ५० मीटर लांब, आणि तिथे बायबलमधल्या गिडियनच्या कथेची टॅपेस्ट्री, १३ भले मोठे विणलेले पडदे. हे मूळचे राणीचा दरबारी क्रिस्टोफर हॅटनचे, तो वारल्यावर बेसने विकत घेतले, आणि त्यावर हॅटनच्या घराण्याची चिन्हं होती म्हणून ५ पाउंड कमी करून घेतले! मग त्या चिन्हांवर स्वतःची चिन्हं रंगवलेले कापडाचे तुकडे शिवले आणि हॅटनच्या हरिणीला शिंगं लावून कॅव्हेंडिशांचा नर हरीण केला. जवळ जाऊन बघा, फार मजा येते.

पण ज्या काचांसाठी हे घर प्रसिद्ध त्याच काचांतून येणारा उजेड कापडाला खातो, त्यामुळे आता आत पडदे ओढलेले असतात आणि बराच अंधार असतो. मोबाईलवर फोटो नीट येत नाहीत, डोळे सरावायला जरा वेळ द्या. बेसने मृत्युपत्रातच वारसांना इथलं कापडसामान नीट सांभाळायला सांगून ठेवलं होतं. १९५९ पासून घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि त्यांनी या तेराही टॅपेस्ट्री एकेक करून बेल्जियमला धुवायला पाठवल्या, मग नॉरफोकमधल्या त्यांच्या स्टुडिओत टाका टाका घालून दुरुस्त केल्या. काम २४ वर्षं चाललं, २०२३ मध्ये संपलं. आता सगळ्या परत गॅलरीत लागल्यात, त्यामुळे जायचं तर वरच्या मजल्यासाठी निम्मा वेळ तरी राखून ठेवा.