अणुभट्टीत वीज तयार होत नाही

अणू फुटतो आणि त्यातून थेट वीज बाहेर पडते, असे चित्र पुष्कळांच्या मनात असते. वस्तुस्थिती अशी की अणुभट्टी केवळ पाणी तापवते. वीज तयार होते ती शेजारच्या इमारतीत, वाफेने फिरणाऱ्या टर्बाइनला जोडलेल्या जनित्रात, आणि तो भाग चंद्रपूरच्या कोळशाच्या केंद्रात असतो बव्हंशी तसाच इथेही असतो. त्यामुळे अणुवीज समजून घ्यायची तर उष्णता कोठे निर्माण होते आणि शेवटी जाते कोठे, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. पालघर जिल्ह्यातले तारापूर त्यासाठी सोयीचे आहे, कारण तेथे अगदी वेगळ्या अशा दोन जातींच्या अणुभट्ट्या शेजारी-शेजारी आहेत.

उष्णतेचा उगम युरेनियम-२३५ या समस्थानिकात, म्हणजे युरेनियमच्या अणूच्या एका प्रकारात, आहे. त्याच्या केंद्रकाने एक न्यूट्रॉन गिळला की ते दुभंगते, दोन लहान केंद्रके प्रचंड वेगाने एकमेकांपासून दूर फेकली जातात आणि आजूबाजूच्या अणूंवर आदळत थांबताना इंधन तापवतात. अणूच्या मापाने ही ऊर्जा अफाट असली तरी आपल्या मापाने नगण्य आहे. केवळ एक वॅट उष्णतेसाठी दर सेकंदाला सुमारे ३,१०० कोटी केंद्रके फुटावी लागतात. या दुभंगण्यातून, म्हणजे विखंडनातून, सुटणारे दोन-तीन न्यूट्रॉन पुढची केंद्रके फोडून ही साखळी चालू ठेवतात, पण ते फार वेगवान असतात आणि युरेनियम-२३५ ला मंद न्यूट्रॉन अधिक सहज टिपता येतात. म्हणून त्यांचा वेग उतरवणारा पदार्थ, म्हणजे मंदायक, लागतो, आणि तारापूरच्या दोन जाती येथेच वेगळ्या होतात.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या जातीच्या. त्यांत साधे पाणीच मंदायक असते, तेच इंधनाची उष्णता घेते आणि तेच भट्टीच्या पात्रात उकळून, वाफ होऊन टर्बाइनकडे जाते. ही वाफ किरणोत्सारी असल्यामुळे यंत्र चालू असताना टर्बाइनच्या आसपासही मोकळेपणाने वावरता येत नाही. साध्या पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग झटपट उतरवतो, मात्र काही न्यूट्रॉन स्वतःच खाऊन टाकतो. ती तूट भरून काढण्यासाठी युरेनियम-२३५ चे निसर्गातले ०.७ टक्के प्रमाण काही पटींनी वाढवलेले समृद्ध इंधन लागते. ते अमेरिकेकडून येत असे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तो पुरवठा अडखळला आणि पुढे फ्रान्सकडे वळावे लागले. पाण्याच्या एका गुणधर्मापायी एका देशाला एवढी राजनैतिक यातायात करावी लागल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

तिसरी आणि चौथी अणुभट्टी भारतीय बनावटीची, प्रत्येकी ५४० मेगावॅटची. चौथी २००५ मध्ये आणि तिसरी, थोडे उलटेच, त्यानंतर २००६ मध्ये वीज देऊ लागली. यांत मंदायक म्हणून जड पाणी वापरतात. त्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा त्याचा जड प्रकार असतो आणि तो न्यूट्रॉन फारच थोडे गिळतो, त्यामुळे नैसर्गिक युरेनियमवरच काम भागते. कॅलँड्रिया नावाच्या आडव्या टाकीतून ३९२ नळ्या आरपार जातात आणि प्रत्येक नळीत, ३७ कांड्यांची एक मोळी अशा, सुमारे अर्धा मीटर लांबीच्या इंधनाच्या मोळ्या एकापुढे एक बसवलेल्या असतात. नैसर्गिक युरेनियम लवकर संपते, म्हणून इंधन सतत बदलत राहावे लागते, आणि हे काम भट्टी चालू असतानाच होते: नळीच्या दोन्ही टोकांना एकेक यंत्र येऊन भिडते, एक नव्या मोळ्या आत सारते, दुसरे वापरलेल्या मोळ्या पोटात घेते. नळ्यांतून खेळणारे जड पाणी सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, पण प्रचंड दाबामुळे उकळत नाही. बाष्पजनित्रात ते आपली उष्णता नळ्यांच्या पातळ भिंतीपलीकडच्या साध्या पाण्याला देते आणि त्या पाण्याची वाफ होते.

पुढचा प्रवास दोन्हीकडे सारखाच. अणुभट्टीची वाफ कोळशाच्या केंद्रातल्या वाफेइतकी गरम आणि कोरडी नसल्याने उष्णतेच्या जेमतेम एक तृतीयांश भागाचीच वीज होते. म्हणजे ५४० मेगावॅट विजेसाठी भट्टीत सतराशे मेगावॅटच्या आसपास उष्णता निर्माण करावी लागते आणि उरलेली जवळजवळ सगळी, वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधून, अरबी समुद्रात जाते. अणुकेंद्राची खूण म्हणून चित्रांत हमखास दिसणारे कमरेत बारीक असे भव्य मनोरे तारापूरला नाहीत, ते याच समुद्रामुळे. ते मनोरे पाणी थंड करण्यासाठी असतात, अणूशी त्यांचा काही संबंध नसतो.

साखळी थांबवणे अवघड नाही. न्यूट्रॉन शोषणाऱ्या कॅडमियमच्या कांड्या आत पडल्या की ती काही सेकंदांत मोडते. उष्णता मात्र थांबत नाही. लाकडे ओढून घेतली की चुलीचा जाळ बसतो, तसे इथे होत नाही, कारण विखंडनातून जन्मलेली केंद्रके स्वतःच क्षय पावत तापत राहतात. बंद केल्याक्षणी ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते, म्हणजे ५४० मेगावॅटच्या केंद्रात शंभर मेगावॅटहून अधिक, आणि ती ओसरायला बराच काळ लागतो. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंपाबरोबर आपोआप बंद झाल्या होत्या. त्सुनामीत डिझेल जनित्रे बुडाली, पंप थांबले आणि तीन भट्ट्यांतले इंधन वितळले. आपल्याकडे ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा येथे टर्बाइनची पाती तुटून आग लागली आणि केंद्राचा सगळा वीजपुरवठा सुमारे १७ तास बंद पडला. भट्टी लगेच बंद करण्यात आली, पण जड पाणी फिरवणारे पंप ठप्प होते. तेथील बाष्पजनित्रे भट्टीपेक्षा उंचावर असल्यामुळे तापलेले जड पाणी वर चढत आणि थंड झालेले खाली उतरत राहिले, आणि कर्मचाऱ्यांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रांत साधे पाणी सोडून इंधन वाचवले.