येऊ दे, येऊ दे… बास!

घाटातल्या कच्च्या वाटेवर गाडी अडली की चारी दारं उघडतात आणि इतका वेळ नुसते मित्र असलेले सगळे तज्ज्ञ होतात. एक म्हणतो डावीकडं घे, दुसरा म्हणतो सरळ काढ, तिसरा मागून ओरडत असतो, चौथा शूटिंगला लागलेला असतो. कोल्हापुरात सल्ल्याला कधी तोटा नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना पुराची इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे इथं शेंबड्या पोरालाही पाठ असतं, आणि पाणी कुठवर चढणार यावर प्रत्येक कट्ट्याचं वेगळं मत असतं. पण गगनबावड्याकडच्या तांबड्या एकेरी वाटेवर, एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला दरी असताना, मत एकाचंच चालावं. जो खाली उतरून समोर उभा आहे त्याचं. माझ्या मते तिथं गाडी तोच चालवतो. आत बसलेला नुसते हातपाय पुरवतो.

एसटीनं हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. गाडी रिव्हर्स घ्यायची झाली की कंडक्टर उतरतो, मागं जाऊन शिट्टी मारतो, आणि ड्रायव्हर त्या शिट्टीवर भरवसा ठेवतो. प्रवाशांत कितीही जाणकार बसलेला असो, त्याला कुणी विचारत नाही. ऑफरोडला हीच शिस्त हवी. स्पॉटर, म्हणजे खाली उतरून गाडीला वाट दाखवणारा, कोण ते वाटेला लागण्याआधीच ठरवायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. ‘थांब’ एवढा एकच शब्द सगळ्यांना माफ. तो कुणीही ओरडला तरी गाडी थांबली पाहिजे, कारण म्हैस किंवा निसटता दगड आधी कुणाच्या नजरेला पडेल याचा नेम नाही.

डावं-उजवं हे भांडणाचं मूळ. समोरासमोर उभ्या दोघांची डावी बाजू एक नसते. म्हणून ट्रकवाल्यांची भाषा उचलावी: ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइड. त्याहून बरं म्हणजे हातानंच दाखवावं. चाकं जिकडं वळवायची तिकडं दोन्ही हात, बोटं आपल्याकडं हलली की ये, मूठ वळली की जागेवर थांब. हात खांद्याच्या वर हवेत. कमरेजवळची बारीक हालचाल बॉनेटच्या आड जाते. काच खाली, गाणी बंद.

उभं राहायचं ते गाडीपुढं पंधरा-वीस फुटांवर, थोडं तिरकं, डोंगराच्या अंगाला. ड्रायव्हरचे डोळे दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. उतरणीला समोर म्हणजे गाडीच्या वाटेतच, तिथं बाजूला सरकून अंतर दुप्पट करावं. चढावर गाडीच्या मागं कुणीही नको. उलटं चालत ‘ये, ये’ करणारे तर नेहमी दिसतात. जांभ्याच्या खडबडीत वाटेवर टाच अडकली की माणूस थेट बंपरपुढं आडवा होतो. गाडी थांबवायची, पाठ फिरवून दहा पावलं चालायचं, वळायचं, मग बोलवायचं. वेळ लागतो, लागू दे.

स्पॉटरचं खरं काम कडेवरचं. डोंगरातली वाट बहुधा अर्धी कापून, अर्धी भरून केलेली असते. आतली बाजू मूळ जमीन. बाहेरची म्हणजे कापलेला मुरूम ढकलून घातलेला भराव. पाऊस हा भराव खालून पोखरतो आणि वर गवताची कड तशीच राहते. दिसायला वाट आठ फूट, भार पेलणारी साडेसहा. महिंद्राच्या थारची रुंदी १,८२० मिलिमीटर, म्हणजे जवळपास सहा फूट. उरलं किती ते बघा. कडेला समांतर गेलेली भेग दिसली तर भेगेपलीकडची जमीन हिशेबातच धरायची नाही. गवत असेल तिथं काठीनं दाबून, ठोकून बघायचं. आतल्या बाजूला पाण्यानं पाडलेला चर असतो, म्हणून नवखा ड्रायव्हर दरीकडं सरकतो. चरात एक चाक गेलं तर गाडी डोंगराकडं कलते, फार तर दार चेपतं. ते परवडतं.

दुसरा घोळ वळणावर. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आतून जातात. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,४५० मिलिमीटर. पूर्ण काट मारली तर मागचं आतलं चाक पुढच्यापेक्षा अर्ध्या मीटरहून जास्त आतून जातं. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २,५९० आणि थार रॉक्सचा २,८५०, म्हणजे त्या आणखी आतून जाणार. वळणाची आतली बाजू दरीची असेल तर पुढचं चाक सुखरूप गेलं म्हणून स्पॉटरनं हात खाली सोडायचा नसतो. त्याची नजर तोवर मागच्या चाकावर गेलेली हवी.

दगड चाकाखाली घ्यावा, पोटाखाली नाही. चाकांच्या मधून काढायचा मोह सगळ्यांना होतो, पण थारला जमिनीपासून जागा २२६ मिलिमीटर आणि जिम्नीला २१०. दगड नऊ-दहा इंचांचा निघाला की अॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा त्यावर आपटतो. चाक दगडावर चढलं की गोळाही वर उचलला जातो. फोर लो, म्हणजे चारी चाकांना जोर देणारी सावकाश रेंज, पहिला गिअर, क्लचवर पाय नाही. जुन्या जिप्सीत अंगठे स्टेअरिंगच्या आत अडकवू नयेत. चाक दगडाला लागून स्टेअरिंग उलटं फिरलं की अंगठा मोडतो. टायरची हवा २० पीएसआयच्या आसपास आणावी. १५ च्या खाली टायर रिमवरून उतरण्याची भीती. डांबरीवर आलं की आधी हवा भरायची.

चढावर इंजिन बंद पडलं तर क्लच दाबून मागं घरंगळायचं नाही, गाडी आडवी तर अजिबात वळवायची नाही; आडवी झालेली गाडी कलंडते. आधी ब्रेक, हँडब्रेक. मग बाजूनं येऊन, हात चाकाखाली न घालता, मागच्या चाकाला उटी, म्हणजे चाक अडवणारा दगड, लावायची. त्यानंतर लो रेंजमध्ये रिव्हर्स टाकून, उटी काढून, इंजिनच्या जोरावर, सरळ रेषेत खाली. नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, तिथं दुसरा पाय ब्रेकवर घट्ट हवा.

समोरून कुणी आलं तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट, असा नियमच आहे. पण ट्रॉली जोडलेला उसाचा ट्रॅक्टर उतरत असेल तर नियम सांगत बसू नये. त्याला मागं जाता येत नाही, आपणच जावं. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, मोकळं रान दिसलं म्हणून गाडी चाकोरी सोडून घालू नये. सड्यावरच्या पातळ मातीत पावसाळ्यात फुलणाऱ्या वनस्पती एका चाकात जातात. २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या पश्चिम घाटात राधानगरी अभयारण्यही आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक नाही.

शेवटी दोरी. गाडी चिखलात रुतली की ओढताना दोरी अस्सल रिकव्हरी हुकालाच लावावी, ट्रेलर जोडायच्या टो बॉलला नाही. तो तुटला तर गोळीसारखा येतो. दोरीवर ओलं गोणपाट टाकायचं, म्हणजे तुटली तरी उसळी कमी होते. दोरीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी नको, हे बघायचं काम पुन्हा स्पॉटरचंच. शूटिंगवाला चौथा नेमका दोरीच्या रेषेत उभा असतो, कारण फ्रेम तिथूनच झकास येते. तो हलेपर्यंत मूठ उघडायची नाही.