मोठे होण्याचे राहून गेलेले काम

दारू थांबवणे हा माझ्या उपचारांतला तुलनेने छोटा भाग होता, असे आता मला वाटते. सोपा मात्र तो नव्हता. वर्षानुवर्षे पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली, तर हात थरथरण्यापासून आकडी आणि भ्रमापर्यंत काहीही होऊ शकते, कारण दारूच्या दाबाखाली काम करायला सरावलेला मेंदू तो दाब निघताच अनावर उत्तेजित होतो. त्यामुळे सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने घेत काढावे लागले. हळूहळू झोप लागू लागली, जेवण जाऊ लागले आणि आपण बरे झालो, असा माझा समज झाला.

घरी आल्यावर तो फार टिकला नाही. मी दाराशी पोहोचताच पत्नी काही निमित्त काढून जवळ येई आणि वास घेई. एटीएम कार्ड तिच्याकडेच राहिले. दहावीतला मुलगा मला पाहताच पुस्तक उचलून आतल्या खोलीत जाई. पीत नसतानाही हे असे, या विचाराने माझे डोके भणभणत असे आणि भणभणत्या डोक्यावरचा जुना उपाय मला पाठ होता. तेव्हा समुपदेशकांनी स्पष्टच सांगितले की राग, लाज, कंटाळा, इतकेच काय आनंदसुद्धा मी विशीपासून दारूत बुडवत आलो, त्यामुळे पंचेचाळिशीतही या भावना नुसत्या सोसण्याचा सराव मला झालेला नाही. ऐकायला हे अपमानास्पद होते, पण खोटे नव्हते.

त्यांच्याच सांगण्यावरून मी, दारू सोडू पाहणारे लोक जिथे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला जाऊ लागलो. १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन येथे दोन मद्यासक्तांच्या भेटीतून सुरू झालेल्या या संघटनेच्या १२ पायऱ्यांपैकी पहिल्या पायरीत दारूपुढची हतबलता मान्य करायची असते. पुढच्या बहुतेक पायऱ्या स्वभावाशी झुंजण्याच्या आहेत. (त्यांतला ईश्वराचा उल्लेख मला सुरुवातीला खटकला होता, आपल्याला उमगेल तसा ईश्वर, एवढी मोकळीक तिथे आहे, हे कळल्यावर मी वाद सोडला.) संस्थापकांपैकी बिल विल्सन यांनी दारू सोडून वीसहून अधिक वर्षे झाल्यावर, १९५८ मध्ये, भावनिक परिपक्वतेवर लिहिले आणि माणसांवर व परिस्थितीवर अतोनात अवलंबून राहणे हे आपल्या नैराश्याचे मूळ असल्याचे मांडले. इतक्या वर्षांनंतर त्यांनाही हे शिकावे लागले, याचा मला मोठा आधार वाटला.

माझा सर्वाधिक वेळ चौथ्या पायरीने घेतला. वहीत रकाने आखून राग कोणावर आहे, कशामुळे आहे, त्याने माझे नेमके काय दुखावले आणि त्यात माझा वाटा किती, हे लिहायचे होते. पहिले तीन रकाने भराभर भरले. साहेब, धाकटा भाऊ, सासरे, सगळे आले. शेवटचा रकाना कित्येक दिवस कोरा होता. माझे स्पॉन्सर, म्हणजे या पायऱ्यांवर मला वाट दाखवणारे जुने सदस्य, एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ, वही वाचून एवढेच म्हणाले, "अरे, या सगळ्यांनी तुझ्याविषयी चांगलेच मत ठेवायला हवे, हे कधी ठरले होते?" पत्नीच्या संशयाकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागलो: तिचा अविश्वास हा माझ्यावरचा अन्याय नसून तिने भोगलेल्या वर्षांचा हिशेब होता आणि तो माझ्या सोयीच्या मुदतीत मिटणार नव्हता. ती वास घ्यायला आली की मी आता थांबतो आणि घेऊ देतो. राग तेव्हाही येतो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांपैकी काहीही असताना कोणताच निर्णय घ्यायचा नाही, हा मीटिंगमधला नियम अशा वेळी फार उपयोगी पडतो. भावाचा गावच्या जमिनीवरून फोन आला, तर उत्तर दुसऱ्या दिवशी जाते.

नवव्या पायरीत, ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करायची असते, मात्र त्यातून कोणाला इजा होणार असेल तर नाही. भावाच्या उसन्या पैशांचे हप्ते सुरू केले आहेत. मुलगा अजून माझ्याशी मोजकेच बोलतो. मी त्याच्यासमोर विषय काढावा, असे स्पॉन्सरचे मत आहे. मला मात्र वाटते की ते ऐकण्याची वेळ त्याने ठरवावी. सध्या तरी मी विषय काढलेला नाही.