विल्सडनचा घटसर्प आणि एका अर्जाचे अकरा आठवडे

लंडनच्या वायव्येला डॉलिस हिल लेनवर आज महाराष्ट्र मंडळाची इमारत आहे. तो परिसर दोन महायुद्धांच्या दरम्यान मिडलसेक्स परगण्यातील विल्सडन या गावात मोडत असे. माझी सारी नोकरी पुण्यात साथरोगांचे आकडे जुळवण्यात गेली. त्यामुळे मुलाकडे इथे राहायला आल्यावर, १९१९ ते १९३८ या काळात या वस्तीतील घटसर्प, लोहितांग ज्वर (स्कार्लेट फीव्हर) आणि क्षय यांची नोंद कशी होत होती, ते मुळातून पाहावे असे मनाने घेतले. आरोग्य अधिकाऱ्यांचे छापील वार्षिक अहवाल वेलकम ग्रंथालयाने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. ते उतरवून घ्यायला दोन संध्याकाळी पुरल्या.

अडले ते पुढे. एकाच वर्षाच्या घटसर्पाचे दोन तक्त्यांतले आकडे जुळेनात. त्या काळी आपल्या मते हा रोग आहे असे डॉक्टरला दिसताच रुग्णाचे नाव-पत्ता लिहून आरोग्य अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक होते, आणि विलगीकरण रुग्णालयात दाखल झाल्यावर त्यांपैकी काहींचा आजार साधी घशाची सूज ठरत असे. एका तक्त्यात कळवलेले सगळे रुग्ण आणि दुसऱ्यात निदान पक्के झालेले, असा माझा कयास होता. परंतु कयासावर आकडा लिहिण्याची मला सवय नाही. खात्रीसाठी विल्सडनच्या स्थानिक परिषदेच्या आरोग्य समितीच्या त्या वर्षीच्या सभांचे छापील इतिवृत्त हवे होते, म्हणून मी एका अभिलेखागाराकडे अर्ज केला.

तीन आठवड्यांनी नकार आला. रुग्णांची माहिती असलेली कागदपत्रे शंभर वर्षे बंद ठेवली जातात, असे त्यात म्हटले होते. हा नियम योग्यच आहे आणि माझ्या कचेरीत मीही तो कसोशीने पाळला असता. पण डॉक्टरांची सूचनापत्रे वेगळी आणि नगरसेवकांना वाटण्यासाठी छापलेले इतिवृत्त वेगळे, हे मी सविस्तर कळवले, तेव्हा उत्तरादाखल नवा अर्ज भरण्याची सूचना आली. तोही परत आला, कारण विषयाच्या रकान्यात मी पुन्हा ‘संसर्गजन्य रोग’ असेच लिहिले होते. दूरध्वनी कोणी उचलत नव्हते. अकराव्या आठवड्यात एका कर्मचारी बाईंनी आपणहून फोन केला, समितीचे नाव आणि वर्ष विचारले आणि कपाटातून खंड काढून पाहिला. तो सर्वांना खुला होता. पुढच्या मंगळवारी वाचनकक्षात वीस मिनिटांत तो माझ्या हाती आला. इतक्या आठवड्यांत तो खंड एकदाही कोणी उघडून पाहिला नाही, याची चीड अजून गेलेली नाही. माझा कयास मात्र खरा ठरला, आणि त्या क्षणी झालेला आनंदही तितकाच खरा आहे.

असे काम करणाऱ्यांनी विषयाच्या रकान्यात रोगाचे नाव घालू नये. ‘परिषदेच्या समितीचे छापील इतिवृत्त’ एवढेच लिहून वर्ष द्यावे.

गोवराच्या रकान्याबाबतही सावध राहावे. इंग्लंडमध्ये गोवर कळवण्याची देशव्यापी सक्ती १९१६ साली आली आणि १९१९ अखेर उठली. त्यामुळे पुढे रकाना रिकामा दिसला म्हणून गोवर नव्हता असे समजणे ही घोडचूक ठरेल. इन्फ्लुएन्झाचेही तसेच आहे. तो स्वतः कळवण्याच्या यादीत नव्हता. १९१९ पासून त्यातून उद्भवणारा न्यूमोनिया यादीत आला. म्हणून त्या साथीचा माग घेताना न्यूमोनियाच्या नोंदींबरोबर मृत्यूंचे तक्तेही वाचावे लागतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायची राहिली. १९३३ पर्यंत विल्सडन हे ‘अर्बन डिस्ट्रिक्ट’ (नागरी वस्तीचा स्थानिक कारभार विभाग) होते आणि त्या वर्षी ‘बरो’ (वरच्या दर्जाची नगरपालिका) झाले, त्यामुळे एकाच नावाने शोधल्यास उरलेल्या वर्षांचे अहवाल हाती लागत नाहीत.