मालकी जंगलातील सागाची विरळणी : माझा अनुभव

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जांबोटीच्या पुढे, आमच्या कुटुंबाची 4 एकर 12 गुंठे झाडीची जमीन आहे. त्यातील साधारण एका एकरावर वडिलांनी 1994 च्या पावसाळ्यात साग लावला. उरलेल्या भागात ऐन, किंजळ, नाना, जांभा, बिबला आणि मधूनमधून कोकम व हिरडा अशी आपोआप वाढलेली झाडे आहेत. गावात या तुकड्याला नुसते ‘मालकी’ म्हणतात. पलीकडचे ते सरकारी आणि अलीकडची ती मालकी, एवढाच फरक; जागेवर उभे राहिले तर झाडी सलग दिसते. आमची दोन वर्षे ज्या एका प्रश्नात गेली तो याच सलगपणातून निघाला होता.

वडिलांनी आठ बाय आठ फुटांवर रोपे लावली, म्हणजे एकरात साडेसहाशेच्या वर. सागाला पाचव्या-सहाव्या वर्षी पहिली आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास दुसरी विरळणी मिळाली, म्हणजे दाटीतली काही झाडे काढून टाकली, तर राहिलेली झाडे जाडी धरतात. वडिलांना मात्र वाढते झाड तोडणे पटत नसे. परिणाम असा झाला की पंचवीस वर्षांनंतरही निम्मी झाडे उंच, सरळ पण बारीकच राहिली. 2019 मध्ये वडील वारल्यावर चुलत भाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, आणि मी असे ठरवले की खुरटलेली झाडे काढायची, चांगली ठेवायची आणि देशी झाडीला हात लावायचा नाही.

ही बातमी कशी कोण जाणे एका लाकूड व्यापाऱ्यापर्यंत पोहोचली. तो घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, “दोनशे झाडं उक्ती द्या. कागदाचं आम्ही बघतो की, तुम्ही कशाला चिंता करता?” रक्कम मोहात पाडणारी होती. पण उक्त्या, म्हणजे ठोक रकमेच्या, सौद्यात कोणते झाड पडणार हे घेणारा ठरवतो, आणि घेणारा जाड झाडावरच बोट ठेवणार. आम्हाला नेमके उलटे हवे होते.

कर्नाटकात खासगी जमिनीवरील झाडांसाठी 1976 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. सिल्व्हर ओक, निलगिरी, सुबाभूळ, सुरू यांसारख्या काही जातींना तोडीच्या परवानगीतून सूट आहे, सागाला नाही. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी दिलेल्या आदेशानुसार ‘जंगल’ या शब्दाचा कोशातील अर्थ धरायचा असतो, मग मालकी कोणाचीही असो. त्यामुळे आमच्यासारख्या तुकड्याकडे पाहताना अधिकाऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, ही लागवड आहे की जंगल? आमचा पहिला अर्ज याच ठिकाणी अडकला, कारण आम्ही भाबडेपणाने पूर्ण गट लिहून त्यात सागासोबत वाळलेले दोन ऐनही घातले होते. दुसऱ्या अर्जात आम्ही फक्त लागवडीचा एकर, फक्त साग आणि 1994 हे लागवडीचे वर्ष लिहिले. वाळलेले ऐन आजही उभे आहेत आणि त्यांच्या ढोलीत पोपट राहतात, त्यामुळे तेही बरेच झाले.

त्या दिवसांत मामांची आठवण वारंवार येई. त्यांचे गाव चंदगड तालुक्यात, आमच्या घरापासून मोटारसायकलने दीड तासावर. चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत तो वगळून कोल्हापूरला जोडला गेला. पुढे महाराष्ट्राने खासगी वने संपादन करण्याचा कायदा केला आणि 30 ऑगस्ट 1975 रोजी तिथली खासगी वने सरकारकडे निहित झाली, म्हणजे सरकारच्या मालकीची झाली. मामांच्या उताऱ्यावर त्या नोंदीचा शिक्का पडला आणि तो काढण्यासाठी त्यांनी निम्मे आयुष्य घालवले. आमची झाडी हद्दीच्या या बाजूला राहिली म्हणून ती आमची राहिली. याचे श्रेय आमच्या घरातील कोणाचेच नाही.

आता उताऱ्याविषयी, कारण सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला. उताऱ्यावर पाच नावे होती आणि त्यांतील तीन माणसे हयात नव्हती. झाडे तोडायला सर्व खातेदारांची संमती लागते, आणि मेलेल्याची संमती आणायची कुठून? म्हणून आधी वंशावळ, मग मृत्यूचे दाखले, मग वारसा नोंद, जिला इथे ‘पौती’ म्हणतात. धाकट्या काकांचा मृत्यू 1987 मध्ये पुण्यात झाला होता आणि त्यांचा दाखला कोणी काढलेलाच नव्हता. त्यासाठी दादांना दोनदा पुण्याला जावे लागले. वास्कोला दिलेल्या आत्यांची सही हवी होती. त्या स्वतः आल्या, सही करण्यापूर्वी जंगलात फिरल्या आणि म्हणाल्या, “आईनं लावलेला फणस तोडणार नसाल तरच सही.” फणस अर्जात नव्हताच, तरी आम्ही तसा शब्द दिला.

सगळे कागद कन्नडमध्ये करावे लागतात. दादांची मुलगी कन्नड माध्यमात शिकलेली असल्याने अर्ज तिनेच लिहिला आणि अधिकाऱ्यांशी बोलणेही तिनेच केले. माझ्या पिढीने मराठीचा जो हट्ट धरला त्याची किंमत अशा वेळी लक्षात येते, पण तो वेगळा विषय आहे.

त्यानंतर मोजणी. सरकारी जंगलाला लागून असलेल्या जमिनीची हद्द कायम झाल्याशिवाय झाडांवर खुणा होत नाहीत, आणि ते योग्यच आहे. भूमापक दोन वेळा तारीख देऊन आले नाहीत, तिसऱ्यांदा आले. वन खात्याचे कर्मचारी, भूमापक, शेजारचे दोन खातेदार आणि आम्ही असे सगळे करवंदीच्या जाळ्या तोडत जुने हद्दीचे दगड शोधत होतो. एक दगड वारुळात सापडला. एक सापडलाच नाही. नकाशाप्रमाणे रेषा ओढली तेव्हा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आमचा मानलेला सुमारे तीन गुंठ्यांचा कोपरा पलीकडे गेला, आणि त्यातच आजीचा फणस होता. आम्ही वाद घातला नाही. वाद घातला असता तर परवानगी आणखी चार वर्षे लांबली असती, हे मोजणीला आलेल्या शेजाऱ्याने हळूच सांगितले.

झाडांवर खुणा करण्याचा दिवस मात्र मला फार आवडला. प्रत्येक सागाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर, फितीने मोजला गेला. एक जण आकडा ओरडायचा, दुसरा लिहायचा. जे काढायचे त्याच्या बुंध्याशी जमिनीलगत साल तासून, उघड्या पडलेल्या पांढऱ्या लाकडावर हातोड्याचा ठसा मारला जाई आणि त्याखाली क्रमांक. ठसा जमिनीलगत असण्याचे कारण असे की झाड पडल्यावरही तो खुंटावर राहतो आणि विनाखुणेचे झाड गेले तर लगेच कळते. मोजणीत 418 साग जिवंत निघाले. आम्ही घरात बोलताना नेहमी ‘साडेसहाशे’ म्हणत असू. काढण्यासाठी 164 ठरले. कोणते ठेवायचे यावर दादांचे आणि माझे तीन झाडांवरून भांडण झाले. वनरक्षकाने वर शेंड्याकडे बोट दाखवले आणि ज्याच्या शेंड्याला मोकळे आभाळ आहे ते ठेवा, असे सांगून ते मिटवले.

परवानगी 2023 च्या डिसेंबरात मिळाली. अटींमध्ये पुन्हा लागवड करणे आणि पालापाचोळा पेटवून न देणे या दोन मुख्य होत्या. जानेवारीत पानगळ झाल्यावर तोड केली. नंतर ओंडक्यांची यादी, त्यांवर पुन्हा ठसा आणि मग वाहतुकीचा पास. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, अशी त्यावर अट होती.

विक्रीच्या वेळी मी एक गोष्ट शिकलो आणि ती मुद्दाम लिहितो. व्यापारी लाकूड मोजतो ते घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी या रीतीने. 32 इंच घेराचा 9 फूट ओंडका घेतला तर चौथा भाग 8 इंच, आणि हिशेब येतो बरोबर 4 घनफूट. प्रत्यक्षात गोल ओंडक्यात 5 घनफुटांहून थोडे जास्त लाकूड असते. ही फसवणूक नाही, जुनी रीत आहे आणि दर तिच्यावरच बेतलेला असतो. पण दर एका रीतीने ठरवून मोजमाप दुसऱ्या रीतीने केले तर पंचमांश लाकूड फुकट जाते. शिवाय फीत किती ताणायची, मध्यावर धरायची की टोकाला, सालीवरून की साल काढून, हे आधी बोलून घ्यावे. आम्ही साल काढून मध्यावर मोजायचे ठरवले होते, तरी पहिल्या दहा ओंडक्यांत फीत टोकाकडे सरकली. दादांची मुलगी वही घेऊन शेजारी बसल्यावर फीत मध्यावर आली.

खर्च वजा जाता हाती आलेली रक्कम उक्त्या सौद्यापेक्षा फार जास्त नव्हती. फरक जंगलात आहे, कारण 254 चांगले साग उभे आहेत. 2024 च्या जूनमध्ये मोकळ्या जागेत आम्ही रोपवाटिकेतून आणलेली बिबला, शिसव आणि कोकमाची रोपे लावली. शेतकऱ्यांनी झाडे लावावीत यासाठीच्या राज्याच्या कृषी अरण्य प्रोत्साह योजनेत प्रत्येक जिवंत रोपामागे तीन वर्षांत मिळून 125 रुपये मिळतात, त्यामुळे त्यासाठीही अर्ज केला, आणि या वेळी उतारा स्वच्छ असल्याने तो एका फेरीत झाला. सागाच्या खुंटांनाही फुटवे आले आहेत. प्रत्येक खुंटावर एकच जोमदार फुटवा ठेवून बाकीचे कोयत्याने काढतो. खुंटावरचे ठसे अजून वाचता येतात.

फणसाला यंदा भरपूर फळ लागले होते. मे महिन्यात आत्या आल्या तेव्हा आम्ही त्यांना नव्या दगडापर्यंत नेले आणि त्या दगडाच्या अलीकडेच थांबल्या.